शुक्रवार, चार वाजून दहा

"आज काहीही सोडायचं नाही," मिलिंद म्हणाला. "शेवटचा दिवस आहे. उद्या सकाळी नऊला उतरवतील आपल्याला."

मिलिंद माझा धाकटा भाऊ. दाराखालून सरकवलेला कार्यक्रमांचा कागद त्याने पोह्यांच्या बशीशेजारी पसरला होता आणि तो पेनाने खुणा करत होता. दहाला घसरगुंडी, साडेअकराला जादूचे प्रयोग, चारला डेकवर चहा आणि भजी. त्याची बायको प्राजक्ता बॅगांना बांधायच्या पिवळ्या पट्ट्या मोजत होती. पट्टी बांधलेल्या बॅगा संध्याकाळी सहाच्या आत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या, बोटीवरची माणसं त्या उचलून नेणार आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या धक्क्यावर परत मिळणार, अशी तिथली पद्धत होती.

"बाबा, चारला वर डेकवर," मिलिंद म्हणाला.

"चारला वर डेकवर. बरं," बाबा म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

बाबा छत्तीस वर्षं स्टेशनमास्तर होते, सगळी नोकरी मिरजेच्या आसपासच्या लहान लहान स्टेशनांवर. शेजारच्या स्टेशनावरून फोनवर निरोप आला की तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, घड्याळ बघायचं, वेळ लिहायची. तेवढं केलं की निरोप मिळाला असं धरायचं. ही सवय त्यांनी घरी आणली आणि निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. "बाबा, मैत्रिणीकडे जाते, सातला येते." "मैत्रिणीकडे जातेस, सातला येतेस. बरं." आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. आई म्हणायची, मला बघायला आले तेव्हा माझं नाव सांगितलं तर यांनी तेही परत म्हणून दाखवलं आणि घड्याळ बघितलं. मला वाटलं, गाडीची वेळ झाली वाटतं.

त्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसून उपमा खात होते. मला दिवसभरात एकच काम करायचं होतं. बाबांना सांगायचं होतं की त्यांचा धाकटा भाऊ गेला. नानाकाका जाऊन चार दिवस झाले होते आणि मंगळवारपासून मी ते पोटात ठेवून जेवत होते, हसत होते, फोटोत उभी राहत होते. वाईट वाटत होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. दात काढायच्या आधी गालात सुई मारतात आणि मग गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

ही सहल आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून होती. मुंबई, कोची, लक्षद्वीप आणि परत मुंबई. लग्नानंतर ते दोघं महाबळेश्वरला जाणार होते. बदली माणूस आला नाही म्हणून बाबांना रजा मिळाली नाही, आणि मग पन्नास वर्षं कुठल्या ना कुठल्या कारणाने तो माणूस आलाच नाही. आईने बोटीवर पाऊल ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "आला गं बाई एकदाचा यांचा बदली माणूस." माझा नवरा आला नव्हता. त्याला बोट लागते, आणि तो नव्हता म्हणून आई-बाबांचं सगळं माझ्याकडे होतं. त्यांची कार्डं, त्यांच्या गोळ्या, त्यांच्या केबिनची जादा किल्ली.

सोमवारी दुपारी बोट सुटली. मंगळवारी सकाळी सातला उदयचा फोन आला. बोटीवरचं इंटरनेट फक्त मी घेतलं होतं, ऑफिससाठी. उदय नानाकाकांचा मुलगा, शुभा त्याची बहीण.

"वृंदाताई, बाबा गेले," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. चहा घेतला आणि खुर्चीतच."

मी डेकवर उभी होते. एक बाई शेजारी योगासनं करत होती. मी तिच्या चटईकडे बघत राहिले.

"ऐकतेस ना? शुभा मस्कतहून निघतेय, ती उद्या रात्री पोचेल. त्यामुळे गुरुवारी सकाळी नेऊ. तुमची बोट उद्या कोचीला लागते ना? काकांना तिथून विमानाने पुण्याला आण. मी गाडी पाठवतो. सकाळपर्यंत पोचतील."

"ते बोलत नव्हते रे एकमेकांशी," मी म्हणाले.

"म्हणून तर म्हणतोय, तू घेऊन ये. आम्ही थांबतो."

"बघते," मी म्हणाले.

मिरजेला ते सख्खे भाऊ एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. घराच्या वाटणीवरून, असं सगळे म्हणायचे. बाबांनी ते कधी खोडून काढलं नाही आणि कारणही सांगितलं नाही. लग्नाकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसायचे. नानाकाका शाळेत चित्रकला शिकवायचे. लहानपणी माझ्या प्रत्येक वाढदिवसाला त्यांनी काढलेलं एक चित्र पोस्टाने यायचं, ते मात्र पुढेही येत राहिलं. पाकिटावर पत्ता माझ्या सासरचा असायचा.

पाच मिनिटांत मथूआत्याचा फोन आला. बाबांची आणि काकांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. बाबांना तीही दादाच म्हणायची.

"उदयने तुला सांगितलं ते ठीक केलं. तू परक्या गोत्राची, तुला काही लागत नाही. पण दादाला सांगू नकोस आणि मिलिंदला तर मुळीच नको. परवा त्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. तुझ्या आईने आयुष्यात एवढं एक मागितलंय. कळलं की सुतक. कळलं नाही तर काही नाही. शनिवारी घरी आले की सांग."

"आत्या, पण ते थांबतायत."

"दादा बोलत होता का त्याच्याशी? जिवंतपणी गेला नाही, आता जाऊन कोणाला बघणार आहे? आणि तुझ्या साखरपुड्याच्या वेळी आई गेली, तेव्हा नानानेच नाही का दोन दिवस कोणाला कळू दिलं? बिघडलं काही? सगळं नीट पार पडलं की."

ते खरं होतं. माझा साखरपुडा पुण्याला होता. आजी मिरजेला नानाकाकांकडे होती. त्याच दिवशी सकाळी ती गेली. नानाकाकांनी "आईला सोडून येता येत नाही" एवढाच निरोप पाठवला, तिथे सगळं उरकलं आणि दोन दिवसांनी बाबांना कळवलं. नानाने पोरीचा साखरपुडा वाचवला, असं आमच्यात अजूनही म्हणतात. मीही म्हणायचे.

मी विचार करून काही ठरवलं असं झालं नाही. मी फक्त खाली गेले आणि सांगितलं नाही. त्यानंतर दर तासाला सांगणं थोडं थोडं अवघड होत गेलं.

मंगळवारी दुपारी आई झोपली होती आणि बाबा डेकवरच्या खुर्चीत बसले होते. लांबवर किनाऱ्याची रेघ दिसत होती. मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप हातात घेतला.

"नानाची काही खबर?" ते म्हणाले. "मध्ये त्याला बरं नव्हतं म्हणे."

एकोणीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. तेवढ्यानेच मी सावध व्हायला हवं होतं.

"बरे असतील," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं आणि चहा प्यायले. माझं वाक्य त्यांनी परत म्हटलं नाही, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी आठला कोची आलं. मिलिंदने दोन टॅक्सी केल्या होत्या. तो, प्राजक्ता आणि त्यांचा मुलगा ईशान एकीत, आम्ही तिघं दुसरीत. आम्ही सगळे चपला, टोप्या, काळे चष्मे घालून उतरलो. बाबा उतरले ते पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, विजार आणि पॉलिश केलेले बूट घालून. खांद्याला त्यांची कापडी पिशवी होती. दाढी वाढलेली होती.

"समुद्रावर बूट?" आई म्हणाली. "आणि दाढी तेवढी केली नाहीत. कालपासून म्हणतेय."

"बोट हलते. ब्लेड लागेल," बाबा म्हणाले.

"सुट्टीवर आलेत," आई मला म्हणाली. "दाढीलाही सुट्टी."

टॅक्सीत बाबा पुढे बसले. पुलावरून जाताना त्यांनी ड्रायव्हरला हिंदीत विचारलं, इथून विमानतळ किती लांब. तो म्हणाला, दीड तास, गर्दी असली तर जास्त.

"दीड तास. गर्दी असली तर जास्त," बाबा म्हणाले.

"विमानतळ कशाला हवाय हो?" आई मागून म्हणाली. "कुठेही गेलं की आधी स्टेशन बघायचं. आता विमानतळ."

"सहज," बाबा म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत होते. मोबाइलवर उदयचा मेसेज होता. काका निघाले का? गाडी किती वाजता पाठवू? मी लिहिलं, जमत नाही रे, तुम्ही उरकून घ्या. उरकून घ्या, असं मी माझ्या नानाकाकांबद्दल लिहिलं, आणि मोबाइल पर्समध्ये टाकून आईला चिनी जाळी दाखवली.

ती जाळी बघून आई खूश झाली. मोठाले ओंडके, त्यांना टांगलेले दगड, चार माणसं मिळून दोर ओढतात आणि जाळं पाण्यातून वर येतं. त्यात मासे थोडेच होते. आईने फोटो काढून घेतले, बाबांना शेजारी उभं केलं, त्यांच्या डोक्यावर माझी टोपी घातली. मग आम्ही झाडाखालच्या बाकावर नारळपाणी घेऊन बसलो. आई मसाल्यांच्या दुकानात शिरली. बाकावर मी आणि बाबा दोघंच उरलो.

"वृंदा, काही निरोप?" बाबांनी विचारलं.

"कसला?"

"नाही. मोबाइल बघत होतीस म्हणून."

"ऑफिसचं आहे," मी म्हणाले.

माझ्या घशात ते खरंच आलं होतं. दुकानाच्या दारात आई उभी राहून दालचिनीचा वास घेत होती आणि दुकानदाराला मराठीत भाव विचारत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. बाबांनी घड्याळ बघितलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती, प्रतीक्षालयात बसतात तशी, दोन्ही हात पट्ट्यावर. ते नारळपाणी प्यायले नाहीत. जेवणानंतर आम्ही एक जुनं चर्च बघितलं, एक बाजार बघितला, आणि प्रत्येक ठिकाणी बाबा बाकावर बसून राहिले. पाय दुखतात, म्हणाले. अडीच वाजता त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते आपणहून उठले.

"चला बोटीवर," ते म्हणाले.

"चारपर्यंत वेळ आहे अजून," आई म्हणाली.

"असू दे. चला."

गुरुवारी लग्नाचा वाढदिवस होता. लक्षद्वीपचं निळंशार पाणी होतं. सकाळी नऊला आम्ही केबिनमध्ये जमलो. मिलिंदने सांगून ठेवलेला केक आला. वर दोन हंस. मिरजेला नऊलाच नेणार होते, हे मला ठाऊक होतं. मी ईशानला सुरी कशी धरायची ते दाखवत होते. आईने नवी जांभळी पैठणी नेसली होती आणि ती सारखी पदर सावरत होती. केक कापला, टाळ्या झाल्या. बाबांनी तुकडा हातात घेतला आणि कागदी बशीत तसाच ठेवून दिला.

"साखर वाढलीय," ते म्हणाले.

"एका तुकड्याने काय होतंय?" मिलिंद म्हणाला.

"नको."

प्राजक्ता नमस्काराला वाकली आणि बाबा दोन पावलं मागे सरले. पाठ भिंतीला लागली.

"बोट हलतेय. पडाल कोणीतरी. नमस्कार-बिमस्कार घरी गेल्यावर."

बोट नांगरलेली होती. हलत नव्हती. आई केकची बशी हातात घेऊन क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने बशी बाजूला ठेवून ईशानला जवळ घेतलं. आईला काय कळलं, किती कळलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आज बाबांना जाऊन पाच वर्षं झाली तरी विचारलेलं नाही.

तर तो शुक्रवार, शेवटचा दिवस. मिलिंदने खरंच काहीही सोडलं नाही. आम्ही घसरगुंडीवरून घसरलो, आईसुद्धा, साडीवर बोटीवाल्यांचं जाकीट घालून. जादूगाराने प्राजक्ताच्या कानातून रुमाल काढला. मी प्रत्येक ठिकाणी होते, फोटोंत मी हसतेय. जेवताना माझ्या लक्षात आलं, मी तीन वेळा श्रीखंड घेतलं होतं.

दुपारी आई म्हणाली, "काल नमस्कार राहिलेत हां सगळ्यांचे. आज बोटीवरचा शेवटचा दिवस. चहाला जमलो की करून टाका. घरी गेलं की कोण करतंय." आणि ती प्राजक्ताबरोबर खालच्या मजल्यावर छापलेले फोटो घ्यायला गेली.

मी चारला पिवळ्या पट्ट्या घेऊन आई-बाबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. सूटकेस भरून, कुलूप लावून भिंतीशी उभी केली होती. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं.

"पट्टी बांधते," मी म्हणाले.

"बांध," बाबा म्हणाले.

मी पट्टी बांधली. बूट सूटकेसच्या बाहेर, पलंगाखाली होते.

"बूट राहिले आत टाकायचे."

"असू देत. ते लागतील."

मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की आता सांगायला नको. वर चहा आहे, आई फोटो घेऊन येईल, एवढा दिवस चांगला गेलाय. उद्या धक्क्यावर उतरलो की टॅक्सीत सांगू. हे ठरवल्याबरोबर मला हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटणं मला आजही आवडत नाही.

"आई म्हणत होती, कालचे नमस्कार राहिलेत," मी म्हणाले. "वर गर्दीत नको. माझा मी इथेच करते."

मी वाकले. बाबांनी दोन्ही पाय झटकन वर पलंगावर घेतले. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे पोटाशी धरून, माझ्यापासून लांब सरकला.

"नको," ते म्हणाले. "मला सुतक आहे."

मी तशीच वाकलेली होते. सरळ व्हायला वेळ लागला.

"कधीपासून?" मी विचारलं. विचारायला हवं होतं दुसरंच काहीतरी.

"मंगळवारपासून. सकाळी अकरा पाच."

त्यांनी उशीखालून आपला बटणांचा जुना मोबाइल काढला आणि गुळवणींचा मेसेज उघडून माझ्यापुढे धरला. गुळवणी म्हणजे त्यांच्याबरोबरचे निवृत्त स्टेशनमास्तर, मिरजेलाच राहायचे. मेसेज तारेसारखा होता. नाना काल सायंकाळी गेले. फार वाईट वाटले. उदयने वृंदास बोटीवर कळवले आहे. गुरुवारी सकाळी नेणार. तुमच्यासाठी थांबले आहेत.

"गोव्याजवळून जाताना दहा मिनिटं रेंज आली होती," बाबा म्हणाले. "तुला नानाची खबर विचारली, ते त्याच्यानंतर."

"म्हणजे कोचीला तुम्ही..."

"कोचीला मी बूट घालून बसलो होतो."

मी समोरच्या खुर्चीवर बसले. माझ्या हातात उरलेली एक पट्टी होती, ती मी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"तुम्ही बोलला का नाहीत, बाबा? एक शब्द बोलला असता तरी..."

"कसा बोलणार?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "एकोणीस वर्षं मी त्याच्या दारात गेलो नाही. आता मेल्यावर आपणहून उठून कुठल्या तोंडाने जाणार? कोणीतरी चला म्हणायला पाहिजे होतं. निरोप तुझ्याकडे होता. म्हटलं, देईल. उतरल्यावर देईल. मग म्हटलं, जेवताना देईल. अडीचपर्यंत हिशेब बसत होता. दीड तास विमानतळ, संध्याकाळचं विमान, पुण्याहून गाडी. अडीचनंतर बसत नव्हता. मग उठलो."

"मला वाटलं, तुमचं भांडण होतं. घरावरून..."

"घराचं काय? घर त्याला पाहिजे होतं. मी कधीच हो म्हटलं होतं." त्यांचे पाय अजून वरच होते. "आमची आई गेली तेव्हा त्याने मला दोन दिवस कळवलं नाही. तुझा साखरपुडा होता म्हणून. मी तिकडे पुण्यात पेढे वाटत होतो, वृंदा. ज्या वेळी तिला नेलं, त्या वेळी मी तुझ्या सासऱ्यांना पेढा भरवत होतो. नंतर मी वेळ ताडून बघितली."

केबिनबाहेरून बॅगांची गाडी गेली. चाकं वाजली. कोणीतरी शेजारच्या दाराबाहेरची बॅग उचलली.

मथूआत्याचं बोलणं मला आठवत होतं. बिघडलं काही? सगळं नीट पार पडलं की. नीट पार पडलं ते माझं होतं. मी इतकी वर्षं त्या साखरपुड्याचे फोटो बघत होते आणि बाबांच्या हातातला पेढा मला दिसत होता.

"त्याला कधी विचारलं नाही, असं का केलंस," बाबा म्हणाले. "नुसतं बोलणं टाकलं. आणि परवा तू त्या बाकावर माझ्यासमोर बसली होतीस. तुझ्या तोंडाशी आलेलं मला दिसत होतं. तू तुझ्या आईकडे बघत होतीस आणि बोलत नव्हतीस. मला आधी राग आला. मग वाटलं, नानाचंही तेव्हा असंच झालं असणार. तोंडाशी आलं असणार आणि कोणाकडे तरी बघून त्याने गिळलं असणार. दुष्टपणा नव्हता त्यात. हे कळायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा तो तिकडे बर्फावर होता."

"बाबा, चुकलं माझं."

ते वाक्यही त्यांनी परत म्हटलं नाही. त्यांनी पाय हळूच खाली सोडले आणि जमिनीला टेकवले, पण माझ्यापासून लांब.

"तुझ्या आईला घरी गेल्यावर सांगू. उद्याचा दिवस तिचा आहे अजून. मिलिंदलाही तेव्हाच."

"बरं."

"मला आता सांग."

"काय?"

"निरोप. तुझ्याकडेच आहे तो अजून. गुळवणीचा मी धरत नाही, त्याला कोणी द्यायला सांगितला नव्हता. उदयने तुझ्याकडे दिला होता. तो तू द्यायचा."

मला वाटलं होतं, चार दिवस दाबून धरलेलं सांगताना रडू येईल. आलं नाही. ते पुढे कितीतरी महिन्यांनी आलं, एका दुकानात, दालचिनीच्या पुडीपाशी. त्या वेळी मी खुर्चीत नीट बसले, शाळेत उभं राहून सांगावं तसं सांगितलं.

"बाबा, नानाकाका गेले. सोमवारी संध्याकाळी, चहा घेतला आणि खुर्चीतच. उदय म्हणाला, काकांना घेऊन ये. आम्ही थांबतो."

बाबांनी मान खाली घातली होती. ती तशीच ठेवून त्यांनी सावकाश, एकेक शब्द वेगळा करत ते परत म्हटलं.

"नाना गेला. सोमवारी संध्याकाळी, चहा घेतला आणि खुर्चीतच. उदय म्हणाला, काकांना घेऊन ये. आम्ही थांबतो."

मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"शुक्रवार, चार वाजून दहा," ते म्हणाले. "मिळाला."

आणि दारामागचा टॉवेल घेऊन ते अंघोळीला गेले.